जेवणासह रणभूमी

युद्धाची जी अनेक वर्णने आजवर वाचनात आली त्यांपैकी एकातही रणभूमीवरच्या भोजनाची वेळ अगोदर मुक्रर झाल्याचा दाखला मला आढळलेला नाही. आणि म्हणूनच मनिलाच्या धक्क्यावर आमच्या हाती जे छापील पत्रक पडले, त्यात “जनरल मॅकआर्थरचे प्रयाण”, “जपानी आक्रमण” आणि “अमेरिकेचे पुनरागमन” या मथळ्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याहून ठळक अक्षरांत, “भोजन : दुपारी बारा” अशी नोंद पाहून, ज्या इतिहासाला भल्याभल्या सेनापतींना आवर घालता आला नाही त्याला एका सहलवाल्याने किती सहजगत्या वेळापत्रकात बसवले आहे, याविषयी माझ्या मनात निखळ आदर उत्पन्न झाला.

मनिलाच्या उपसागराच्या मुखाशी, शहरापासून सुमारे ४८ किलोमीटरवर, कोरेहिदोर नावाचे बेट आहे. त्याचा आकार बेडकाच्या शेपटीवाल्या पिलासारखा : पश्चिमेला गरगरीत डोके आणि पूर्वेला निमुळती होत गेलेली शेपटी. हे बेट ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात मनिलाचे बंदर, हा हिशेब प्रथम स्पॅनिशांनी, मग अमेरिकनांनी आणि अखेरीस जपान्यांनी मांडला. आणि जंजिरा हाती नसताना कोकणकिनाऱ्याचा बंदोबस्त ठेवणे किती जिकिरीचे होते हे ज्याने शाळेच्या बाकावरच घोकले आहे, त्या मराठी माणसाला हा हिशेब कोणी निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नसते. “मामा, तुम्हाला किल्ल्यांचा नाद आहे, तेव्हा हे बघितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही,” असे म्हणून मनिलातील एका बँकेत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने आम्हा उभयतांची आणि स्वतःचीही तिकिटे परस्पर काढली. त्या दिवशी संकष्टी आहे ही गोष्ट त्याच्या मामीने त्याला सांगितली ती तिकिटांचे पैसे भरून झाल्यावर.

बोट सुटताच एका तरुणाने जीवरक्षक जाकीट अंगात कसे चढवावे याचे प्रात्यक्षिक इतक्या निर्विकार मुद्रेने करून दाखवले की, बुडण्याची भीती जाऊन बुडणे हा या सहलीचाच एखादा नित्य विधी असावा असे वाटू लागले. उजव्या हाताला बातान द्वीपकल्पाचे निळसर डोंगर दिसू लागले. ९ एप्रिल १९४२ रोजी तेथे सुमारे ७५ हजार सैनिकांनी, ज्यांत बहुसंख्य फिलिपिनो होते, शस्त्रे खाली ठेवली, आणि अन्नपाण्यावाचून खंगलेल्या त्या माणसांना रणरणत्या उन्हात बंदिवासाकडे पायी हाकलण्यात आले. वाटेत हजारो मेले. ध्वनिक्षेपकातून ही हकिकत चालू असतानाच चहा आणि बिस्किटांचे पुडे वाटले जात होते, त्यामुळे ऐकणाऱ्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. पुडा फोडावा तर आवाज होतो, न फोडावा तर पुढल्या रांगेतला माणूस आपलाही घेईल की काय ही धास्ती. अखेर सर्वांनी चेहरे गंभीर ठेवून बिस्किटे भिजवूनच खाल्ली, म्हणजे आवाजही झाला नाही आणि चहाही वाया गेला नाही.

बेटावर पाऊल ठेवताच आमची वाटणी जुन्या ट्रामच्या घाटाच्या, बिनकाचेच्या खिडक्यांच्या गाड्यांमध्ये करण्यात आली. युद्धापूर्वी या बेटावर खरोखरच विजेची ट्राम धावत असे, तिची ही स्मृती. जपानी पाहुण्यांची गाडी निराळी होती व तिच्यावरचा मार्गदर्शकही निराळा, जपानी बोलणारा. आमचा मार्गदर्शक स्थूल देहाचा, गवती टोपी घातलेला आणि तोफांच्या नळ्यांचे व्यास पाढ्यांसारखे मुखोद्गत असलेला फिलिपिनो गृहस्थ होता. त्याचे विनोदही वळणावळणांवर ठरलेले असावेत, कारण ते वळण येण्यापूर्वीच गाडीचा चालक सुस्कारा टाकीत असे.

पहिला मुक्काम धक्क्यावरच्या मॅकआर्थरच्या पुतळ्यापाशी. याच धक्क्यावरून ११ मार्च १९४२ च्या सायंकाळी, अध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम शिरसावंद्य मानून, हे अमेरिकन सेनापती एका छोट्या टॉर्पेडो नौकेतून निसटले, मिंदानाओमार्गे ऑस्ट्रेलियास पोहोचले आणि तेथे त्यांनी “मी परत येईन” अशी जगद्विख्यात घोषणा केली. पुतळ्याचा हात उंचावलेला आहे आणि त्या हाताखाली उभे राहून छायाचित्र काढून घेण्यासाठी एवढी रांग लागते की, सेनापतींच्या प्रयाणाला लागला नसेल इतका वेळ त्या प्रयाणाच्या स्मरणाला लागतो. सेनापतींबरोबर त्यांची पत्नी, चार वर्षांचा मुलगा आणि त्या मुलाची चिनी दाईही होती, असा तपशील मार्गदर्शकाने पुरवला तेव्हा आमच्या कुटुंबाने हळूच विचारले, “अहो, बायको-मूल आणि दाईसुद्धा बरोबर नेली, मग मागे राहिले कोण?” प्रश्न चोख होता. मागे राहिले ते जनरल वेनराइट, ज्यांनी ६ मे १९४२ रोजी शरणागती पत्करली आणि पुढला तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांच्या कैदेत काढला. ते परत येईन म्हणाले नाहीत, कारण ते गेलेच नव्हते. आणि रांग कोणत्या पुतळ्यापुढे लागते हे मी आताच सांगितले आहे.

अमेरिकनांनी या बेटाचे उंचीप्रमाणे टॉपसाइड, मिडलसाइड आणि बॉटमसाइड असे विभाग पाडले होते. माथ्यावर मुख्य कचेरी, अधिकाऱ्यांची निवासस्थाने, चित्रपटगृह आणि गोल्फचे मैदान. तळाशी धक्का, गुदामे आणि सान होसे नावाची फिलिपिनो वस्ती. हुद्दा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचे प्रमाण इतके बिनचूक राखलेले होते की, नुसता पत्ता विचारला तरी पगार कळावा. माथ्यावरच “मैलभर लांबीची बराक” उभी आहे, म्हणजे तिचा सांगाडा उभा आहे. तिची प्रत्यक्ष लांबी सुमारे १,५२० फूट, अर्थात मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. परंतु सैन्यात बढती कशी मिळते याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या बराकीच्या बढतीचे नवल वाटू नये.

तेथून जवळच बॅटरी वे या नावाच्या खड्ड्यात बारा इंची व्यासाच्या चार उखळी तोफा आहेत. त्यांच्या पोलादावर गोळ्यांच्या तुकड्यांनी पाडलेले खळगे मी बोट फिरवून पाहिले. काही अंगठ्याएवढे, काही वाटीएवढे, आणि सर्वांच्या कडा स्पर्शाने गुळगुळीत झालेल्या. एका खळग्यात कोण्या शाळकरी मुलाने लिमलेटच्या गोळीचा चांदीचा कागद नीट घडी करून ठेवला होता. या चौघींपैकी एक अगदी शेवटच्या दिवसापर्यंत आग ओकत होती, असे मार्गदर्शकाने सांगितले. एवढा जंगी सरंजाम असताना किल्ला पडला कसा? बेटाची बांधणी झाली ती समुद्रातून येणाऱ्या शत्रूसाठी, आणि विमानांचे युग उजाडण्यापूर्वी. शत्रू आला तो आकाशातून आणि मागच्या बाजूने, बातान जिंकून तेथे आपल्या तोफा मांडून. त्यातच विजेचे केंद्र उद्ध्वस्त होत गेले, आणि विहिरींचे पाणी उपसणारे पंप त्या विजेवर चालत असल्याने शिबंदी पाण्याला महाग झाली. गडाचे पाणी तुटले की गड गेला, हे आपल्याकडच्या एखाद्या निरक्षर किल्लेदारानेही नकाशा न पाहता सांगितले असते.

पुढे बॅटरी हर्न येथील प्रचंड तोफेपाशी दोन्ही गाड्या एकाच वेळी येऊन ठेपल्या. याच तोफेवर चढून विजयी जपानी सैनिकांनी हात उंचावल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आता तोफेच्या एका अंगाला इंग्रजीत पराभव सांगितला जात होता आणि दुसऱ्या अंगाला जपानीत तोच विजय. परंतु दोन्ही मार्गदर्शकांचे हातवारे, थबकणे आणि शेवटचा दीर्घ श्वास हुबेहूब सारखा असल्याने, भाषा न कळणाऱ्याला दोघेही एकच दुःख सांगत आहेत असा भास व्हावा. इतक्यात दोघांनीही एकदमच घड्याळे पाहिली. बारा वाजायला आले होते. मग दोन्ही राष्ट्रांची कुमक, कोणताही तह न करता, एकाच दिशेने आणि एकाच वेगाने भोजनगृहाकडे चालू लागली.

मेजावर अदोबो, शेवयांचे पॅन्सिट, मासे, डुकराचे मांस आणि भात यांची रेलचेल होती, आणि आमच्या कुटुंबाच्या ताटात अननसाच्या चार फोडी. उपास सोडायचा तर चंद्रोदयाची वेळ हवी, म्हणून तिने भाच्याकरवी मार्गदर्शकाला ती विचारली. ज्याला तारखा, तोफा आणि तुकड्यांचे क्रमांक तोंडपाठ, तो गृहस्थ प्रथमच निरुत्तर झाला. बराच वेळ विचार करून म्हणाला, “आजचा चंद्रोदय मला ठाऊक नाही, बाईसाहेब, पण ५ मे १९४२ च्या रात्री जपानी या बेटावर उतरले तेव्हाचा हवा असेल तर सांगतो.”

भोजनोत्तर सुस्तीत आम्हांला मलिंता बोगद्यात नेण्यात आले. बिलिबिड तुरुंगातील कैद्यांच्या श्रमाने खोदलेला हा बोगदा ८३१ फूट लांब व २४ फूट रुंद असून त्याला २४ फाटे आहेत. वेढ्याच्या दिवसांत येथेच सेनापतींची कचेरी होती, येथेच हजार खाटांचे इस्पितळ, आणि येथेच बोगद्याच्या तोंडाशी ३० डिसेंबर १९४१ रोजी फिलिपाइन्सचे अध्यक्ष केसोन यांनी आपल्या दुसऱ्या कारकिर्दीची शपथ घेतली. आता तेथे चित्रपट-दिग्दर्शक लांबेर्तो आवेलाना यांनी रचलेला ध्वनिप्रकाशाचा खेळ होतो. काळोखात बॉम्बचे आवाज घुमू लागले, एकामागून एक फाटा उजळून आतले पुतळे दिसू लागले, आणि अंगावर काटा येण्याच्या नेमक्या क्षणी कोणाच्या तरी खिशातला दूरध्वनी वाजला. “बोगद्यात आहे,” एवढेच उत्तर त्या गृहस्थाने दिले, आणि त्या बोगद्यात आजवर उच्चारल्या गेलेल्या वाक्यांत याहून सत्य वाक्य क्वचितच असेल.

पुनरागमनाची कथा याहून अचाट. १६ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकन छत्रीसैनिक माथ्यावरच्या कवायतीच्या आणि गोल्फच्या मैदानावर उतरले. बेटावर साडेआठशे जपानी असावेत असा हेरखात्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात निघाले त्याच्या कित्येक पटींनी, आणि त्यांपैकी जवळजवळ कोणीही जिवंत हाती लागले नाही. कवडीचीही चूक न खपवून घेणारा आमच्याकडचा कारकून असल्या अंदाजापायी केव्हाच बडतर्फ झाला असता. अखेरचे वीस जपानी सैनिक भुयारांतून बाहेर आले ते १ जानेवारी १९४६ रोजी, युद्ध समाप्त होऊन चार महिने लोटल्यावर. आणि ज्याच्यापुढे त्यांनी शस्त्रे ठेवली तो एकटा अमेरिकन शिपाई मृतांच्या कबरींचा हिशेब ठेवणाऱ्या खात्यातला होता. या भागात मार्गदर्शकाने एकही विनोद केला नाही, आणि चालकाने सुस्काराही टाकला नाही.

परतीच्या बोटीत मात्र सर्वांना पुन्हा कंठ फुटला, कारण विषय खजिन्याचा निघाला. फिलिपाइन्सच्या सरकारी खजिन्यातले सुमारे २० टन सोने-चांदी फेब्रुवारी १९४२ मध्ये “ट्राउट” नावाच्या पाणबुडीने वजनभरतीच्या नावाखाली हलवले, परंतु सुमारे ३५० टन चांदीचे पेसो शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून जवळच्याच समुद्रात बुडवण्यात आले, असे कळताच, आतापर्यंत ज्यांनी एकाही तोफेकडे नीट पाहिले नव्हते असे अनेकजण कठड्याला ओणवे झाले आणि पाण्याचे सूक्ष्म निरीक्षण करू लागले. अमेरिकन, जपानी, फिलिपिनो आणि तीन मराठी माणसे त्या एका कठड्यावर जितकी एकदिल झाली होती, तितकी दिवसभरात भोजनगृहाखेरीज कोठेही झाली नव्हती.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला. बेटाच्या शेपटीकडे फिलिपिनो वीरांचे स्मारक आहे. तेथे १४ भित्तिशिल्पांतून या देशाच्या लढायांची परंपरा कोरली आहे. माथ्यावरचे घुमटाचे युद्धस्मारक १९६८ साली पुरे झाले, हे उभे राहिले १९९२ साली. बेटावरच्या तोफा डागणाऱ्यांत फिलिपिन स्काउट्स या फिलिपिनो शिपायांच्या पलटणीही होत्या, बातानवर शरण गेलेल्यांत बहुसंख्य त्यांचेच बांधव होते, आणि ज्या बंदरासाठी हा सारा खटाटोप झाला ते बंदरही त्यांचेच; तरी सहलीच्या वेळापत्रकात या ठिकाणाला एक छोटा थांबा मिळतो आणि तोही बोटीला उशीर होत असल्यास रद्द होतो. आमची गाडी तेथे थांबली ती यंत्र चालू ठेवूनच. तेव्हा जे वाचक कधी मनिलास जातील त्यांनी कोरेहिदोर अवश्य पाहावे, पुतळ्यापाशी छायाचित्र काढावे, भोजनही यथेच्छ करावे. मात्र शेपटीकडे गाडी वळली की मार्गदर्शकाला यंत्र बंद करण्याची विनंती करावी आणि खाली उतरावे. तो नाही म्हणणार नाही. तो फिलिपिनो आहे, आणि त्याला हे आजवर फारसे कोणी विचारलेले नसते.