दवाखान्याची वेळ पाड्याला विचारा

काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. त्याआधी रात्रभर ढोल घुमतात, बुध्ये आणि बावा नाचतात, महाराष्ट्र-गुजरात-मध्य प्रदेशातले हजारो आदिवासी सातपुड्यातल्या या गावात जागे असतात. दिवस मावळला की कारभार संपला, असं इथे कोणी मानत नाही. मानते ती सरकारी ओपीडी.

२०१२ च्या राष्ट्रीय मानकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी सहा तासांची ठरवली: सकाळी चार, दुपारनंतर दोन, आठवड्यातून सहा दिवस. ही वेळ कोणाला विचारून ठरली? अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातला माणूस तेव्हा शेतात असतो, मजुरीवर असतो. मोहफुलांच्या दिवसांत तर उजाडण्याआधीच टोपली घेऊन निघावं लागतं, नाहीतर गळलेली फुलं गुरं खातात. दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून पोराचं अंग तापलंय हे सकाळीच कळूनही आई म्हणते, संध्याकाळी बघू. संध्याकाळी ती पोराला पाठीशी बांधून डोंगर उतरते, तर केसपेपरची खिडकी बंद. उघडा असतो तो बिनडिग्रीचा डॉक्टर. तो सुई टोचतो, सलाईन लावतो आणि बुडू नये म्हणून राखलेली मजुरी घेऊन टाकतो.

रात्री १०८ आहे की, असं उत्तर येईल. आहे. २०१४ पासून राज्यात ती धावते आहे आणि तिने जीव वाचवले आहेत. पण ती अत्यवस्थ माणसासाठी. मुलाचा ताप, म्हातारीचे जुलाब, सिकलसेल असलेल्या पोरीच्या सांध्यात सुरू झालेली कळ यांना संध्याकाळी सातला तपासणारं कोणी भेटलं, तर बऱ्याच घरांना रात्री दोनला झोळी करावी लागणार नाही. झोळी म्हणजे बांबूला बांधलेली चादर, दोघांच्या खांद्यावर, गाडीचा रस्ता लागेपर्यंत. पावसाळ्यात देवगोई घाटात दरड कोसळली की पुढचा रस्ताही अडतो.

राज्याला हे कळत नाही असं नाही. १ मे २०२३ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवली. योग्यच केलं. इंग्लंडनेही ऑक्टोबर २०२२ पासून फॅमिली डॉक्टरांची सेवा कामाच्या दिवशी संध्याकाळी आठपर्यंत आणि शनिवारी नऊ ते पाच मिळेल अशी व्यवस्था लावली. कामावरून परतणाऱ्या शहरी माणसाला संध्याकाळ लागते, मग गुजरातेत ऊस तोडून आलेल्या पावऱ्याला, भिलाला ती नको?

नुसती पाटी बदलून मात्र हे होणार नाही. तेच डॉक्टर, तीच सिस्टर रात्रीच्या बाळंतपणालाही उठतात. त्यांच्याच माथी आणखी तास मारले तर ते बदलीचा अर्ज देतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही. दुसरी पाळी म्हणजे दुसरी माणसं. आदिवासी भागात भरारी पथकांचे डॉक्टर आहेत, उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. जिथे कमी पडतात तिथे पदं भरा. त्यांना न गळणारी खोली, वीज आणि वेळेवर पगार द्या. मग ते संध्याकाळीही पाड्यावर दिसतील.

नंदुरबार जिल्हा परिषदेने सुरुवात लहान करावी. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत ओपीडी, आणि रविवारी सकाळी दार उघडं. कोणते दोन दिवस, ते ग्रामसभेत आशाताईंना आणि पाड्यांवरच्या बायांना विचारून ठरवा. येत्या पावसाळ्याच्या आत.