कहराच्या गावी

मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे चाकरी करून मी अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालो, आणि त्या अवधीत माझ्या हाताखालून जे कागद गेले त्यांतील निम्मे शब्द अरबस्तानातून निघून, वाटेत इराणात मुक्काम करून, सुलतानांच्या अमदानीत आमच्या दफ्तरात दाखल झालेले होते. त्यामुळे कैरो शहरी नोकरीस असलेल्या भाच्याने मला आग्रहाने बोलावले, तेव्हा 'अरबी येत नाही, तिथे बोलणार कसे?' ही घरच्यांची चिंता मला केवळ हास्यास्पद वाटली. हुकूम, हिशेब, मजकूर, तारीख, वकील, सवाल आणि जबाब हे शब्द ज्याच्या जिभेवर अडीच तपे नांदले, त्याने अरबांच्या गावी मुक्याने बसावे, हे संभवतच नव्हते. मी शब्दांच्या माहेरी चाललो होतो. माहेरची माणसे ओळख देतील, फार तर 'बऱ्याच दिवसांनी येणे केलेत' म्हणतील, एवढीच माझी अपेक्षा होती.

वास्तविक शहराच्या नावावरूनच मी सावध व्हावयास हवे होते. 'कैरो' हे युरोपियनांनी आपल्या सोयीने वाकवलेले रूप. मूळ नाव 'अल-काहिरा', आणि ज्या धातूपासून ते निघाले त्याच धातूपासून आपला 'कहर' निघाला आहे. इ. स. ९६९ मध्ये फातिमी सेनापती जौहर याने या नगरीचा पाया घातला, तेव्हाची आख्यायिका अशी की, ज्योतिष्यांनी सीमेवर खांब रोवून दोर ताणले, दोरांना घंटा बांधल्या आणि मुहूर्ताची घंटा होताच मजुरांनी कुदळ मारावी असे ठरवले. परंतु मुहूर्त यावयाच्या आधीच एक कावळा दोरावर येऊन बसला, घंटा घणघणल्या, कुदळी चालल्या, आणि त्या घटकेला उदयास होता मंगळ, ज्याला ते ज्योतिषी 'अल-काहिर' म्हणत. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गाठ पडते हे आपण जाणतो. येथे फांदी न मोडता राजधानी उभी राहिली. तेव्हापासून त्या घंटा थांबलेल्या नाहीत; हल्ली त्यांना मोटारीचे भोंगे म्हणतात, इतकेच.

सकाळी कामावर निघताना भाचा म्हणाला, "मामा, मी पाचला येतो. तोवर खाली उतरू नका. उतरलातच तर मोठा रस्ता ओलांडू नका. ओलांडलातच तर कोणी चहाला बोलावील, त्याच्यामागे जाऊ नका." या तिन्ही कलमांचा मी त्याच अनुक्रमाने भंग केला.

खाली दाराशी बाकावर पायघोळ झग्यातला एक वयस्क गृहस्थ बसला होता. कैरोत प्रत्येक इमारतीला असा एक 'बव्वाब' असतो. बाब म्हणजे दार, आणि दार राखतो तो बव्वाब. आमच्या दफ्तरात मात्र बाब म्हणजे मुद्दा, आणि मुद्दा कोणीच राखत नसे. मी त्याला तहरीर चौकाची वाट विचारली आणि तो नुसता पाहत राहिला म्हणून आवाज चढवून 'जबाब, जबाब' असे बजावले. तो लगबगीने उठला, टपालाच्या पेटीत हात घालून कोपरापर्यंत चाचपडला आणि दोन्ही तळवे पसरून पेटी रिकामी असल्याचे त्याने मला दाखवले. या नगरीत 'ज'चा 'ग' होतो, 'गवाब' म्हणजे पत्र, आणि घशातला 'क' तर हे लोक सरळ गिळून टाकतात, हे ज्ञान मला रात्री झाले. माहेरच्या पहिल्याच माणसाने ओळख दिली नाही, हे मनाला लागले.

तहरीर चौकात सिग्नल होते. ते लाल होत, पिवळे होत, हिरवे होत, आणि खालून वाहणाऱ्या वाहनांशी त्यांचा संबंध, आकाशस्थ ग्रहांचा आमच्या खात्यातील बदल्यांशी असे तेवढाच, म्हणजे श्रद्धेपुरता होता. 'तमाशा' या शब्दाचे मूळ अरबी असून सोबतीने चालणे असा त्याचा आरंभीचा अर्थ, हे मी कोशात वाचले होते. चालण्याचा तमाशा कसा होतो, हे कोडे मात्र त्या पदपथावर उलगडले. पाऊण तास मी एक पाऊल पुढे आणि दोन मागे अशा नृत्यात घालवला. अखेर डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक काळ्या वस्त्रातील वृद्धा आली, तिने वाहनांकडे न पाहता नुसता तळहात पुढे धरला आणि चालू लागली. वसुदेवाला यमुनेने दिली तशी त्या लोंढ्याने तिला वाट दिली. मी तिच्या सावलीत शिरलो. मध्यावर तिला माझा सुगावा लागला, तेव्हा मोकळ्या हाताने माझे मनगट पकडून तिने मला पलीकडे नेऊन ठेवले आणि "मालेश" म्हणाली. मालेश म्हणजे 'हरकत नाही'. पण गंमत पाहा, हा 'हरकत' शब्द अरबांचाच, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ हालचाल! ज्याचा अर्थ चलन, त्याला आमच्या कचेरीने अडथळा असा अर्थ द्यावा, यात कचेरीचा सारा इतिहास आला.

समोरच 'मुगम्मा' ही अवाढव्य सरकारी वास्तू उभी होती. तिच्या नावात आपल्या जमाबंदीचाच 'जमा' आहे. तेथील कचेऱ्या आता हलल्या असल्या, तरी मिसरी लोकांच्या कित्येक पिढ्यांनी एकेका शिक्क्यासाठी येथे खेटे घातले. १९९२ साली आदिल इमाम या विख्यात नटाच्या एका चित्रपटात मुलांच्या शाळा-बदलीच्या कागदासाठी आलेला एक सामान्य गृहस्थ टोलवाटोलवीने पिसाळून अखेर याच इमारतीत लोकांना ओलीस धरून बसतो, आणि मागण्या विचारल्यावर कबाब मागवतो. मी पायातली चप्पल काढली नाही एवढेच. मनातून नमस्कार केला.

तेवढ्यात "अमिताभ बच्चन!" अशी हाक आली. मी वळून पाहिले. हाक मलाच होती. हाक मारणाऱ्या तरुणाने मला आधी 'या बाशा' आणि मग वय पाहून 'या हाग्ग' म्हटले. ज्याला एकतीस वर्षांत अव्वल कारकुनापलीकडे सरकारने जाऊ दिले नाही, तो एका मिनिटात पाशा आणि दुसऱ्या मिनिटात हाजी झाला. १९०२ पासून त्याच चौकात उभे असलेले संग्रहालय आज दोनपर्यंत बंद आहे, असे त्याने हळहळून सांगितले. त्याच्या खांद्यावरून मला लोक तिकिटे काढून आत जाताना दिसत होते, पण पाशाने अशा गोष्टी पाहू नयेत. त्याच्या काकांच्या दुकानात पुदिन्याचा चहा आला आणि चहापाठोपाठ पपायरसावरील चित्रे आली. मी सांगितलेल्या किमतीच्या निम्मे देऊ केले. काकांनी कपाळाला हात लावला आणि आढ्याकडे पाहून विचारले, "हुव्वा अना हिंदी?"

त्यातला 'हिंदी' तेवढा मला समजला. माझ्या देशाची चौकशी होत आहे असे वाटून मी छातीवर हात मारून अभिमानाने म्हणालो, "अना हिंदी! अना हिंदी!" दुकानात क्षणभर शांतता पसरली, मग जो हशा उसळला तो शेजारच्या दुकानांतही गेला; काकांनी डोळे पुसत मला मिठी मारली, दुसरा चहा मागवला, आणि किंमत मात्र एका गिनीनेही उतरवली नाही. 'मी काय हिंदी आहे?' म्हणजे 'मी काय खुळा आहे?' असा त्या देशीचा वाक्प्रचार असल्याचे भाच्याने मागाहून सांगितले. काकांनी शंका विचारली होती. मी कबुलीजबाब दिला होता.

भूक लागली म्हणून कुशरीच्या दुकानात शिरलो. तांदूळ, मसूर, मॅकरोनी, हरभरे, टोमॅटोचा रस आणि वर कुरकुरीत कांदा अशी ही सर्वपक्षीय संमिश्र मंडळी एकाच ताटलीत सुखाने नांदतात. हिचे मूळ आपल्या खिचडीत असल्याचे म्हणतात, आणि पहिल्या घासाला मला दिवसातले पहिले नातलग भेटले. पोऱ्याने हिशेबाची चिठ्ठी ठेवली. तीवर दोन ठसठशीत शून्ये होती. अन्नछत्र समजून मी हात जोडून निघालो, तो तो दारापर्यंत धावत आला. त्यांचा पाच म्हणजे आपले वाटोळे शून्य, त्यांचे शून्य म्हणजे नुसते टिंब, सहा म्हणजे जवळजवळ इंग्रजी सात. आणि कळस असा की, या अंकांना अरब लोक 'हिंदी अंक' म्हणतात. पंचावन्न गिनी मोजताना, आपलीच वस्तू ओळखू न येण्याची नामुष्की दुहेरी होती.

परतीची टॅक्सी केली तेव्हा लक्षात आले, की मोबाईल घरी राहिला आहे आणि खिशातल्या चिठ्ठीवर भाच्याचा पत्ता मी माझ्या सोयीसाठी सुवाच्य बाळबोध लिपीत उतरवून घेतला आहे. चालकाने ती चिठ्ठी सुलटी पाहिली, उलटी पाहिली, "हादिर" म्हणाला आणि निघाला. हादिर म्हणजे हजर. कोठे हजर व्हावयाचे हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते. एकाच पुतळ्याला आमची चौथी प्रदक्षिणा चालू असताना, डोक्यावर रोट्यांची फळी तोलत सायकलवरून जाणाऱ्या एका पोराला थांबवून रोट्या घेत असलेला बव्वाब मला दिसला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बहुधा मराठीच असावे.

त्याने मला उतरवून घेतले, चालकाशी दहा मिनिटे भांडून भाडे अर्ध्यावर आणले, माझी पपायरसाची गुंडाळी काखेत मारली आणि मनगट धरून रस्ता ओलांडून मला दाराशी आणले. दिवसभर दार उघडणाऱ्याला, बोट दाखवणाऱ्याला आणि नुसते हसणाऱ्यालाही बक्षीस देऊन सरावलेला माझा हात आपोआप खिशात गेला. नोट पाहताच त्याचा चेहरा पालटला. "एऽब!" म्हणत त्याने माझा हात मागे लोटला, माझ्याकडे बोट दाखवून "गरीब" असे काहीसे पुटपुटला आणि कागदात गुंडाळलेली एक रोटी माझ्या हाती ठेवून आपल्या बाकावर जाऊन बसला.

एका दमात मला ऐबी आणि दरिद्री ठरवणाऱ्या या माणसाविरुद्ध पाच वाजता मी भाच्याकडे तोंडी फिर्याद दाखल केली. त्याने प्रथम पपायरस उजेडात धरून, तो केळीच्या सोपटाचा असल्याचा निकाल दिला. मग म्हणाला, "मामा, इथे ऐब म्हणजे अनुचित. आणि गरीब म्हणजे परका, परमुलखातला. परक्याकडून पैसे घेणे शोभत नाही, असे म्हणाला तो."

पाकिटात तीन गिनी उरल्या होत्या, तेव्हा मराठी अर्थानेही त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सवयीप्रमाणे रात्री मी रोजकीर्द लिहावयास बसलो: टॅक्सी, कुशरी, केळीचे सोपट, किरकोळ बक्षिसे. बव्वाबाच्या नावापुढे 'निरंक' लिहिले, आणि रोटी कोणत्या सदरी जमा धरावी हे ठरेना, म्हणून ती खाऊन टाकली.