बिनचाऱ्याचा हत्ती

भायखळ्याला कंडक्टर ‘राणीबाग, राणीबाग’ असं पुकारतो आणि पोराबाळांसकट अर्धी बस रिकामी होते. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ते कागदावर आणि पाटीवर. तोंडात मात्र राणीची बाग.

१८६२ साली बाग उघडली ती व्हिक्टोरियाच्या नावानं. राणी गेली, तिचं राज्य गेलं, बाग काही राणीची सुटेना. यात कुणाची इंग्रजनिष्ठा शोधायला जाऊ नका. नातवंडांना ‘चला राणीच्या बागेत’ म्हणणाऱ्या आजीला व्हिक्टोरियाशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी ती गोष्टीतली राणी. आवडती की नावडती, एवढाच काय तो प्रश्न.

मुंबईची ही जुनी खोडच आहे. वस्तू हलवायची आणि नाव जागेवर ठेवायचं. फोर्टातला काळा घोडा घ्या. अल्बर्ट ससून यांनी युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. वर बसलेल्या युवराजाकडे मुंबईकरानं ढुंकूनही पाहिलं नाही, नाव पडलं ते घोड्याचं. १९६५ मध्ये युवराजाला घोड्यासकट राणीबागेत धाडलं. रिकाम्या जागेत गाड्या उभ्या राहू लागल्या, तरी चौक काळा घोडाच. अखेर २०१७ मध्ये तिथं नवा घोडा आणून उभा केला, स्वाराविना. साम्राज्यावरचा याहून नेमका शेरा कुण्या इतिहासकारानं मारला असेल तर कळवावं.

हत्तीची कथा तर त्याहून थोर. घारापुरीला होड्या लागायच्या तिथं जवळच दगडात कोरलेला एक हत्ती उभा होता. त्याला पाहून पोर्तुगीजांनी बेटाचं बारसं केलं आणि त्यातून एलिफंटा हे नाव रूढ झालं. १८१४ मध्ये हत्तीची मान ढासळली. १८६४ मध्ये साहेबानं त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले आणि विलायतवारी राहिली. यंत्र बिघडल्यामुळे वारसा वाचला, असं आपल्याकडे रोज घडत नाही. ते तुकडे राणीबागेत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. म्हणजे लोक लाँचमध्ये बसून एलिफंटाला जातात आणि एलिफंटाचा एलिफंट भायखळ्यात उभा!

तो उभा आहे तो संग्रहालयाच्या अंगणात. हे संग्रहालय १८७२ साली उघडलं, नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं. ते उभं राहावं म्हणून झटणाऱ्यांत होते डॉ. भाऊ दाजी लाड. पाटीवर त्यांचं नाव यायला १९७५ साल उजाडलं. राणीला तेवढं थांबावं लागलं नव्हतं.

रविवारी रांग असते ती पेंग्विनची. जात दक्षिण अमेरिकेची, २०१६ साली आले सोलहून, राहतात थंडगार खोलीत. पोरांनी ते जरूर पाहावेत. पेंग्विनचा यात काय दोष? पण समोरच्या खाडीतून आलेल्या हत्तीपाशी कुणी थांबत नाही. त्याला चारा लागत नाही, माहूत लागत नाही, तो चीत्कारत नाही, म्हणून तो प्राणी नाही. आणि त्याच्यापुढे रंगीत दिव्यांचा सेल्फी पॉइंट नाही, म्हणून तो वारसाही नाही!

वारसा म्हटलं की आपल्याला उद्घाटन आठवतं, नारळ आठवतो, पाटी आठवते. पाटीनं नातं जुळत असतं तर राणीबागेला राणीबाग म्हणणारा एक माणूस उरला नसता. नाव टिकलं ते आजीनं नातवाच्या हाताला धरून नेलं म्हणून. आज नातवाच्या हाताला धरून नेणारे तुम्हीआम्ही आहोत, आणि आपल्या दुसऱ्या हातात मोबाइल आहे.

तेव्हा या सुट्टीत पेंग्विन पाहून झाले की दहा मिनिटं काढा. मुलांना दगडी हत्ती दाखवा, त्याची मोडतोड आणि जोडणी सांगा. एडवर्डाचा घोडा दाखवा, आणि त्याचा भाऊ फोर्टात का उभा आहे तेही सांगा.

फक्त बुधवारी जाऊ नका. बुधवारी बाग बंद असते.