पेस्ट्री आसा, पण लायट नाय

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा असल्याचं सरकारने १९९७ साली जाहीर केलं. त्यानंतर जिल्ह्यात स्कूबा आलं, पॅरासेलिंग आलं, २०२१ साली चिपीला प्रवासी विमानही उतरलं. जेवणानंतर गोड काय द्यायचं, हा एकच प्रश्न कुठल्याशा फायलीत अडकून राहिला असावा. कारण तारकर्लीला सुरमईचं ताट चाटूनपुसून संपवलेला पाहुणा 'स्वीट डिशमध्ये काय?' असं विचारतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर येतं: गुलाबजाम. फारच लावून धरलं तर आइस्क्रीम.

मग पाहुणा चिडून मोबाइलवर पेस्ट्रीचं दुकान शोधत मालवणच्या बाजारपेठेत शिरतो. दुकान सापडतं.

"आसा हो, पण सकाळपासून लायट नाय."

काचेआड एक ब्लॅक फॉरेस्ट घाम पुसत उभा असतो. त्याच्यावरचं क्रीमचं फूल समुद्राच्या बाजूला कललेलं. यात दुकानदाराचा दोष नाही. पावसाळ्यात वीज जाणं हा किनारपट्टीवरचा सातवा ऋतू आहे, आणि हे क्रीम फ्रीजरमधून निघून फ्रिजमध्ये जगणारं. ते दुधाचं असतं अशी समजूत असेल तर तीही इथेच वितळवून घ्यावी. फेटून दुप्पट-तिप्पट फुगणारं हे स्वस्त क्रीम बहुतेक वेळा पामच्या बियांच्या तेलाचं असतं, आणि ते तेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येतं. म्हणजे ज्या गावात डोक्यात नारळ पडू नये म्हणून माणूस वर बघत चालतो, त्या गावात केकवर लावायला परदेशी झाडाचं तेल बोटीने येतं.

चेरीची कथा याहून सुरस. आपल्याकडच्या केकवरची ती लालबुंद चेरी पुष्कळदा चेरी नसतेच, करवंद असतं. बी काढलेलं, पाकात मुरवलेलं, वर लाल रंग चढवलेलं. कातळसड्यावर फुकट पिकणारी डोंगरची काळी मैना कारखान्यात जाऊन गोरी होते, मग लाल होते आणि जर्मन नावाच्या केकवर बसून गावी परत येते. टुटीफ्रुटीतले रंगीत तुकडे म्हणजे परसातली कच्ची पपई. विलायती म्हणून जे खाल्लं, त्यात मैदा, साखर, क्रीम आणि नाव सोडलं तर बाकी बरंचसं कुंपणापलीकडचंच.

क्रोसाँ मागणाऱ्याला पोऱ्या बरणीतून खारी काढून देतो. पाहुणा हसतो, पण पोऱ्या फारसा चुकलेला नसतो. कणकेत चरबीचा थर घालून घडीवर घडी घालायची, ही फ्रेंच पेस्ट्रीची मूळ करामत खारीतही आहेच. फक्त इथे लोण्याच्या जागी वनस्पती तूप असतं आणि काट्याचमच्याच्या जागी चहा. उभं कोकण रोज सकाळी फ्रेंच पेस्ट्री चहात बुडवून खातं आणि कुणालाच त्याचं कौतुक नाही.

खरी नखऱ्याची गोडं इथे आहेत, पण त्यांना दुकान नाही. पुण्या-मुंबईत दुधात भिजवलेल्या केकला ट्रेस लेचेस म्हणून भाव देतात. मालवणात जाळीदार खापरोळी नारळाच्या गोड रसात बुडवून ठेवायची रीत जुनीच आहे. तवस म्हणजे मोठी काकडी किसून, त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून केलेलं धोंडस टोपात लावतात आणि खाली निखारे, झाकणावरही निखारे ठेवतात. तेरेखोलपलीकडे, गोव्यात, वरून आच देऊन थरांवर थर भाजलेल्या बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता ते खोक्यात बसून विमानाने फिरतं. धोंडस अजून टोपातच आहे.

शिरवाळ्यांचा थाट तर पाहण्यासारखा. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालायचे. मग एकीने दांड्यावर सगळा भार टाकायचा, दुसरीने खाली ताट फिरवत पांढरीशुभ्र शेव झेलायची. जरा निवलं की दांडा हलत नाही. सोबत गूळ-वेलचीचा नारळाचा रस. हा रस दमट हवेत काही तासांत आंबतो, म्हणून शिरवाळे काचेच्या कपाटात ठेवताच येत नाहीत. त्यासाठी दुकान नव्हे, आत्या लागते. आत्या नसेल तर होम-स्टेच्या काकू, आणि त्यांचं ठरलेलं उत्तर: "कालच सांगूक व्हया हुता."

टिकतो तो खाजा. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर आल्या-गुळाचा पाक. लायट असो वा नसो, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही, लागलाच तर दाताला. पण त्याचा खरा हंगाम जत्रेचा, आणि आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगातही सापडत नाही. ती देवीच्या कौलाने ठरते. मिष्टान्नासाठी सुट्टी टाकायची तर साहेबाला कारण काय सांगणार?

आता काकूंना दोष द्यावा, तर त्यांचंही गणित पक्कं आहे. पाहुण्यांसाठी पहाटे उठून नारळ खवणाऱ्या याच काकू नातवाच्या वाढदिवसाला घरी शिरवाळे करत नाहीत. नातू तोंड वाकडं करतो, शिवाय शिरवाळ्यांवर मेणबत्ती उभी राहत नाही. त्या बाजारात फोन लावतात, नातवाच्या फोटोचा अर्धा किलोचा केक सांगतात, लायट असल्याची खात्री करून घेतात आणि ठेवता ठेवता बजावतात, "चेरी वायच जास्त घाल रे."