हात हलका ठेवा

दाढी झाली की गाल चुरचुरतो, गळ्यावर लाल पुरळ उठतं, शर्टाची कॉलर घासली की दुपारपर्यंत आग होत राहते. आणि पुरुषमंडळी हे मुकाट सोसतात. दाढी म्हटली की एवढं चालायचंच, असं त्यांनी धरून ठेवलंय. मला ते अजिबात मान्य नाही. आग होते म्हणजे दाढी चुकली. आणि चूक बहुतेक वेळा एकच असते, दाब.

हा दाब शिकवला कार्ट्रिजच्या रेझरनं. त्याचं डोकं गालाच्या चढउतारावर आपोआप फिरतं, खाली रबराच्या पट्ट्या असतात. हात कसाही धरा, कितीही रेटा, तो सांभाळून घेतो. सांभाळून घेतो म्हणजे रक्त काढत नाही, इतकंच. त्वचा खरवडली जायची ती जातेच. जिलेटनं १९७१ साली दोन पात्यांचा रेझर आणला, १९९८ साली तीन पात्यांचा, २००६ साली पाच पात्यांचा. या ३५ वर्षांत माणसाच्या गालावरचा केस तसूभरही बदलला नाही. बदलली किंमत, आणि बिघडली हाताची सवय.

जास्त पाती कशासाठी? पहिलं पातं केस धरून किंचित वर ओढतं आणि तो मागे सरकायच्या आत पुढचं पातं त्याला आणखी खालून कापतं. त्यामुळे केसाचं टोक कातडीच्या पातळीखाली जातं आणि गाल हाताला काचेसारखा लागतो. जाहिरातीत बाईचा हात फिरतो तो यासाठीच. पण ज्यांचे केस कुरळे, त्यांचं ते खाली गेलेलं टोक पुन्हा वर येताना वाट चुकतं आणि कातडीतच घुसतं. गळ्यावर येणाऱ्या त्या टणक, दुखऱ्या पुळ्या यातूनच होतात. आपली मुलं त्यांना मुरूम समजतात, मुरमाची क्रीमं चोळत बसतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाच पात्यांनी तीच जागा पुन्हा खरवडतात. एका जागेवरून तीनदा हात फिरवला की पंधरा पाती फिरली. कुठली कातडी टिकेल?

आणि जास्त पाती लागत नाहीत, याचा एक मजबूत पुरावा खुद्द जिलेट कंपनीनंच दिलाय. २००२ साली तिनं भारतासाठी एक रेझर काढला. अडकलेले केस सारून काढायला त्यात प्लॅस्टिकची खास पट्टी होती. चाचणी घेतली ती अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. ती खूश झाली. भारतात आल्यावर रेझर पडला, कारण त्या मुलांकडे नळाची धार होती आणि इथे माणूस मगभर पाण्यात दाढी उरकत होता. पाणी वाहत नसल्यानं ती पट्टी केसांनी गच्च होई. मग कंपनीची माणसं इथे घराघरांत जाऊन बसली, लोक दाढी कशी करतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि २०१० साली १५ रुपयांचा ‘गार्ड’ आणला. त्यात पाती किती? एक. दाढी व्हायला एक पातं पुरतं, हे तेव्हा त्यांनाही कळलेलं होतं.

एका पात्याची खरी करामत पाहायची तर जुना दुधारी सेफ्टी रेझर हातात घ्या. किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यातली ही कल्पना. इतक्या पातळ पोलादी पत्र्याला धार टिकणार नाही, असं जाणकार सांगत होते. विल्यम निकर्सन या इंजिनिअरनं तो पत्रा कडक करायची रीत बसवली. १९०४ साली पेटंट मिळालं. तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. वर टोपी, खाली तबकडी, मध्ये ब्लेड, आणि सगळं आवळून धरणारी मूठ. आजचं ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं, बोटांत धरलं तर लवतं. मूठ आवळली की टोपी त्याला कमानीसारखं वाकवते आणि त्या वाकण्यातूनच त्याला ताठपणा येतो. म्हणून मूठ सैल राहिली की ब्लेड थरथरतं आणि कापतं. रेझर वाईट, असा बोभाटा त्यानंतरच होतो.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट पाणी. केस दोन-तीन मिनिटं भिजला की पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो. आपल्याकडे दाढी आधी आणि अंघोळ मागून, असा रिवाज. दाढीच्या सुखासाठी तो उलटा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात ज्येष्ठांना चालत नसेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा दोन मिनिटं गालांवर दाबून धरा. क्रीम बदामाएवढं पुरे. ब्रशनं ते गोल गोल घोळवा, मध्ये मध्ये थेंब थेंब पाणी द्या. फेस फुगून पांढराशुभ्र दिसला म्हणजे झाला, असं नाही. तो ओला आणि चकचकीत दिसला पाहिजे. डब्यातून फुस्सकन येणाऱ्या फेसात हवाच जास्त, तो गालावर वाळतो आणि वाळलेल्या फेसावर ब्लेड अडखळतं.

मग बोटांनी केसांची दिशा चाचपा. दोन दिवसांचे खुंट असताना हे नीट कळतं. ज्या बाजूनं बोट सुळकन जातं ती सुलट, जिथं खरखरतं ती उलट. गालावर केस साधारण खाली वाढतात. जबड्याखाली मात्र प्रत्येकाचं वेगळं. कुणाचे कानाकडे, कुणाचे सरळ वर, कुणाच्या गळ्यावर चक्क भोवरा. गळ्यावरच सगळ्यात जास्त आग का होते, त्याचं उत्तर इथे आहे. आपण गालावरचाच हात गळ्यावर फिरवतो, आणि तिथे तो उलटा पडतो.

आता रेझर. मूठ शेवटाकडे धरा, अंगठा आणि दोन बोटांत, पडणार नाही इतपतच. आधी टोपीची गोलाई गालाला टेकवा. या वेळी मूठ चेहऱ्यापासून आडवी, काटकोनात असेल. मग ती हळूहळू खाली आणा. एका ठिकाणी ब्लेड केसाला लागतं आणि बारीक सर्र असा आवाज येतो. तिथे थांबा. ब्लेड आणि कातडी यांच्यात साधारण ३० अंशांचा कोन झालेला असतो. आवाज बंद झाला की कोन सुटला. बरा धातूचा रेझर आपल्या वजनानंच चालतो, त्याला रेटायचं नसतं, फक्त न्यायचं असतं. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरा. ओठावरच्या केसांसाठी ओठ दातांवरून खाली ओढा. हात एकदोन इंचांचाच मारा, कानापासून हनुवटीपर्यंत एकदम घसरगुंडी नको. दोन-तीन हातांनंतर रेझर पाण्यात खळखळून घ्या.

पहिली फेरी सुलट. मग चेहरा ओला करून नवा फेस लावायचा आणि दुसरी फेरी आडवी. बहुतेकांनी इथेच थांबावं. सलूनमध्ये दादा विचारतात ना, ‘उलटा हात फिरवू?’ लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव हमखास हो म्हणतो आणि हळदीच्या फोटोंत गळा लाल दिसतो. रोज दाढी करणाऱ्यानं गळ्यावर उलटा हात मारूच नये. आणि सगळ्यात मोठा अपराध वेगळाच. दाढी उरकली, आरशात दोन केस राहिलेले दिसले, की तिथंच कोरड्यावर रेझर ओढायचा. राहू द्या ते दोन केस. कुणी मोजायला येत नाही.

ब्लेडच्या बाबतीत आपण फार चिकट आहोत. सेव्हन ओ’क्लॉक, टोपाझ अशी ब्लेडं दोन-तीन रुपयांपासून मिळतात. पाच पात्यांच्या एकेका कार्ट्रिजला शंभराच्या बरंच वर मोजणारा माणूस दुधारीकडे वळला की तीन रुपयांचं ब्लेड महिनाभर वापरतो. कशासाठी? एमआयटीतल्याच संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की केस पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ असूनही धारेचे टवके काढतो. केस कापला जाताना वाकतो, धारेवर आडवा ताण येतो आणि पोलादातला एखादा कच्चा कण निखळतो. पातं झिजण्याआधीच असं दातेरी होतं. म्हणून ब्लेड टॉवेलला पुसू नका, आणि केस ओढल्यासारखा वाटला की त्याच दिवशी बदला. चार-पाच दाढ्या झाल्या की ब्लेडचे पैसे फिटले. एका कंपनीचं ब्लेड एकाला मानवतं, दुसऱ्याला नाही, तेव्हा दोन-तीन पाकिटं आणून पाहा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्लेड, क्रीम आणि रेझर तिन्ही एकदम बदलले तर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही.

हेच ब्लेड सलूनमध्येही आहे, आणि तिथे डोळे उघडे ठेवा. दादा कागदासकट ब्लेड मधोमध मोडतात, अर्धं वस्तऱ्यात सरकवतात, उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवतात. यात वावगं काही नाही, मोडलेला तुकडा कोरा आहे तोवर. तो आपल्यासमोर मोडला जावा, एवढा आग्रह धरायला लाजू नका. मला खरी भीती तुरटीची वाटते. सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला तोच खडा, त्यावर वाळलेला कुणाचा तरी लालसर डाग. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. तुरटी उत्तम वस्तू आहे, बारीक ओरखड्याचं रक्त चटकन थांबवते, पण ती टूथब्रशइतकीच खासगी असली पाहिजे. घरी स्वतःचा खडा ठेवा, वापरून झाल्यावर धुऊन वाळवा. दाढी झाली की गार पाणी मारा, गाल टिपून घ्या, घासू नका. झोंबणारं आफ्टरशेव्ह म्हणजे जंतू मेल्याची पावती, ही समजूत सोडा. आधीच खरवडलेल्या कातडीवर अल्कोहोल पडलं की ते झोंबतं, दुसरं काही नाही.

आणि वापरलेलं ब्लेड कुठे जातं, याचा विचार दाढी करणाऱ्या प्रत्येकानं केलाच पाहिजे. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं की तो कागद भिजतो, फाटतो, आणि सकाळी कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात ते शिरतं. तिच्या हातात अनेकदा मोजेही नसतात. कार्ट्रिजमध्ये प्लॅस्टिक आणि पोलाद असं एकत्र झालेलं असतं की ते सोडवायला कुणी बसत नाही. दुधारी ब्लेड निखळ पोलाद आहे, भंगारात त्याला जागा आहे. दुधाच्या पावडरीचा किंवा तत्सम पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीनं पक्कं बसवा आणि आरशाशेजारी ठेवा. वर्षानुवर्षं भरत नाही. भरला की चीरही चिकटपट्टीनं बुजवा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा, आणि कचऱ्यात न टाकता भंगारवाल्याच्या हातात सांगून द्या.