हेल्मेट घालून सहकुटुंब

भाच्याने आग्रह केला म्हणून यंदा आम्ही सहकुटुंब पुण्याच्या प्राइड परेडला गेलो. संभाजी बागेत पाहतो तर मोर्च्यातली पोरंपोरी उघड्या तोंडाने हिंडतायत आणि त्यांना पाठिंबा द्यायला आलेली वडीलधारी मंडळी तोंड झाकून उभी. 2008 साली मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानातून मोर्चा निघाला, तेव्हा चालणाऱ्यांपैकी अनेकांच्या तोंडावर मुखवटे होते. घरी कळलं तर काय, ही भीती. आता घरच्यांना सगळं कळलंय, तेव्हा मुखवट्याची पाळी घरच्यांची.

आमच्या भाऊजींनी हेल्मेट घातलं होतं. हेल्मेटसक्तीच्या विरोधात ज्यांनी उभी हयात वेचली, पोलिसांशी भर चौकात हुज्जत घातली, ते भाऊजी पायी चालताना हेल्मेट घालून. वर काचही खाली. शेजारी दुसरं एक हेल्मेट येऊन उभं राहिलं. आवाजावरून ओळख पटली. भाऊजींच्या बँकेतलेच जुने सहकारी.

"तुम्ही इकडे?"

"सहज. बागेत चालायला येतो. तुम्ही?"

"मीही सहजच."

दोघांच्याही मनगटावर इंद्रधनुषी पट्टी होती. दोघांनीही ती शिष्टाचार म्हणून पाहिली नाही.

मोर्चा निघाला. ढोल सुरू झाल्यावर पुणेकराचे पाय थांबत नाहीत, मग निमित्त काहीही असो. भाऊजींना मात्र झेंड्याने अडवलं. काच वर करून त्यांनी रंग मोजले. "तानापिहिनिपाजा सात होतात. इथे सहाच. पारवा कुठे गेला?" भाचा म्हणाला, 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोत झेंडा केला तेव्हा आठ पट्टे होते, पुढे गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो पट्टा गाळला, मग आणखी एक. भाऊजी हळहळले. मुलगा समलिंगी आहे हे त्यांनी दोन वर्षांत पचवलं होतं. चांगला आठ पट्ट्यांचा झेंडा कापड मिळेना म्हणून सहावर येतो हे पचेना. "लक्ष्मी रोडला विचारलं असतं तर ठाणभर मिळालं असतं!"

फर्ग्युसन रस्त्यावर कडेला उभे असलेले एक गृहस्थ वाहतुकीच्या खोळंब्याने व्यथित झाले होते. विसर्जनाची मिरवणूक एक दिवस ओलांडून दुसऱ्या दिवशी संपते, तेव्हा हेच गृहस्थ खुर्ची टाकून बसलेले असतात. पण संस्कृतीने रस्ता अडवणं वेगळं आणि माणसांनी अडवणं वेगळं.

खरी अडचण ताईची झाली. ती परेडला आली होती स्थळं बघायला. भाच्याचा मित्र तिला पसंत पडला: सॉफ्टवेअरमध्ये, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, शिवाय शाकाहारी. तिने तिथेच, घोषणा चालू असताना, त्याच्या आईचा नंबर मागितला. भाच्याने समजावलं, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून आम्हांला सोडवलं, पण 2023 साली लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. ते संसदेचं काम म्हणे. ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पत्रिका जुळेना, मंगळ आडवा आला, मुलीकडच्यांनी हुंड्याचं विचारलं नाही म्हणून आत्याबाई रुसल्या, हे सगळं तिने आजवर निस्तरलं होतं. पाच न्यायमूर्ती आडवे यायची ही पहिलीच वेळ.

"नोंदणी नाही म्हणतात ना?" ती म्हणाली. "नको. साखरपुड्याला कुठला कायदा लागतो? डिसेंबरात हॉल बघा, आणि यांना म्हणावं त्या दिवशी तरी हेल्मेट काढा, फोटो येतात."