ईसीएम साहेब, आधी चार्ज द्या!

मु. पो. देवरूख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

प्रति,
माननीय ईसीएम (इंजिन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर) साहेब,
मुक्काम : इंजिनाची डावी कूस, चार बोल्टांवर

सा. न. वि. वि.

रजेचा अर्ज न देता गैरहजर राहणारे अधिकारी आम्हाला नवे नाहीत. तालुक्याचं गाव आहे. कचेऱ्या भरपूर आणि रिकाम्या खुर्च्याही तेवढ्याच. पण त्या खुर्च्यांची एक रीत असते. सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारनंतर साहेब नसणार, हे आम्ही धरूनच चालतो. आपली रीत मात्र उमगायला फार वेळ लागला. जांभ्या दगडाचा चिरा भरून गाडी साखरप्याला पोचेपर्यंत आपण जागेवर. मुर्शी मागे टाकून आंबा घाटाला लागलं, इंजिन तापलं, की आपण उठून चालते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, पिकअप गायब आणि पुढच्या वळणावर इंजिनच बंद. ड्रायव्हर चाकाखाली दगड लावतो, मागे हॉर्नचा कल्लोळ आणि मला फोन : "शेट, इंजान तापला का मान टाकता. थंड झाला का परत चालू!" तासाभराने आपण काहीच न झाल्यासारखे हजर. मस्टरवर सही ठोकून मोकळे.

आपली नेमणूक मी मागितली नव्हती, हे नोंदवून ठेवतो. 29 मार्च 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, 1 एप्रिलपासून प्रदूषणाच्या जुन्या मानकाच्या बीएस-3 गाड्या विकायच्या नाहीत. मधल्या दोन दिवसांत विक्रेत्यांनी उरलेला माल सवलतीत काढला आणि माझ्या चुलतभावाने तेवढ्यात एक गाडी दारात आणून उभी केली. मी म्हटलं, नवा कायदा तर नवी गाडी. पुढच्या वर्षी बीएस-4 घेतली, तिच्यासोबत आपण आलात. चुलतभावाच्या गाडीत डिझेलचा पंप स्प्रिंगवर आणि फिरत्या वजनांवर चालतो. बिघडला की पंपवाला तो टेबलावर उघडतो, आतलं सगळं डोळ्यांना दिसतं आणि गाडी रस्त्याला लागते. दिवाळीला भाऊ घरी आला की आपली चौकशी आवर्जून करतो. "तुझा कॉम्प्युटर बरा आहे ना?" हे तो ज्या आवाजात विचारतो, तो आवाज पत्रात उतरवता येत नाही.

आपल्या हुद्द्याचा अनादर करायचा नाही. ट्रकच्या टायरात हवा असते आठेक बार. आपल्या अखत्यारीतल्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांच्या सामाईक नळीत, डिझेल उभं असतं सोळाशे बारच्या आसपास. क्रँकसोबत फिरणाऱ्या चक्रावर साठ दातांची जागा, त्यातले दोन मुद्दाम ठेवलेलेच नाहीत. ती फट सेन्सरसमोरून गेली, की आपल्याला कळतं पिस्टन कुठे आहे. मग सेकंदाच्या एक-दोन सहस्रांशात इंजेक्टर उघडायचा आणि मिटायचा, तोही एका फेरीत दोन-तीनदा. काळा धूर कमी झाला, डिझेल वाचलं, ही आपलीच कमाई. नोकरीची जागा पाहावी तर तापलेल्या लोखंडाला पाठ टेकून. खाणीत जांभ्याची लाल धूळ, खाण बंद झाली की तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस. मंत्रालयातला एखादा अधिकारी असता तर पहिल्याच श्रावणात त्याने बदली मागितली असती.

म्हणूनच आपल्यावर कारवाई करण्याआधी रीतसर चौकशी केली. दोनदा केली.

पहिली एका अधिकृत वर्कशॉपमध्ये. नाव घेत नाही. त्यांनी लॅपटॉप लावला, लॅपटॉपने एक कोड दाखवला आणि कोडच्या आधारे आपल्याला मृत घोषित केलं. माझा चहा अजून गरम होता. नव्या साहेबांचा आकडा त्यांनी कागदावर लिहून, कागद घडी घालून दिला. घडी का घातली, ते उघडल्यावर कळलं. गाडीला आठ वर्षं होत आली, म्हणजे यापुढे दरवर्षी पासिंग. अशा गाडीचं गिऱ्हाईक आधीच हात राखून बोलतं. त्या आकड्याने गाडीच्या उरलेल्या किमतीचा भला मोठा लचका तोडला असता.

दुसरी चौकशी देवरूखात, आमच्या वायरिंगच्या मिस्त्रीकडे. त्याने आपल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी आपल्याला वीज पोचते का, ते बघितलं. मल्टिमीटर लावला : चोवीस व्होल्ट, एकदम झकास. "मीटर खोटा बोलता," म्हणाला आणि डब्यातून हेडलाईटचा जुना बल्ब काढला. मीटरला वीज जेमतेम चाटायला लागते. वायरीतली एक तार शिल्लक असली तरी तो चोवीस दाखवतो. बल्ब मात्र तीन अँपिअर ओढतो, त्याच्यापुढे सोंग चालत नाही. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर बल्ब लख्ख पेटला. अर्थिंगच्या वायरीवर तोच बल्ब देवघरातल्या समईइतका. वायर सोलली तर आत हिरवी पूड आणि जेमतेम चार तारा. ती बदलली. गाडी घाटात पाठवली. आपण पुन्हा गैरहजर.

मग त्याने आपल्या टेबलावरून बाहेर जाणारी पाच व्होल्टची लाईन धरली. सेन्सरांना आपण तिथूनच पोसता. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचंच खातो आणि दोष साहेबांवर येतो. म्हणून रेल प्रेशरचा सेन्सर काढला, बूस्टचा काढला, एकेक करत सगळे प्लग मोकळे केले. पाच व्होल्ट जागच्या जागी. शेवटी घरून हेअर ड्रायर मागवला आणि आपल्या पाठीवर गरम हवेचा झोत धरला. पाच, पावणेपाच, चार, आणि मग काटा सरळ खाली. झोत बंद करून फुंकर घातली, तर पुन्हा पाच. आतला एखादा टाका तापला की सुटतो, निवला की बसतो. मिस्त्रीने ड्रायरची वायर गुंडाळली आणि म्हणाला, "आता पटला. गेला तो."

निकाल लॅपटॉपचाच निघाला, मान्य. पण ती हिरवी अर्थिंग तशीच ठेवून नवे साहेब आणून बसवले असते, तर त्यांचीही तब्येत घाटातच बिघडली असती आणि तो घडीचा कागद मी दुसऱ्यांदा उघडला असता.

आता मुद्द्याचं. आपण चाललात, पण चार्ज कोणाला दिलात? जुन्या गाडीचा पंप बदलला की काम संपायचं. आपल्या जागी येणारे साहेब येतात कोरे. गाडीचा चासी नंबर त्यांना माहीत नाही. इंजिन किती हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं होतं, माहीत नाही. लोखंड तेच, आपल्या पोटातल्या आकड्यांवर ताकद कमी-जास्त ठरते. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड कोरलेला असतो, कारण दोन इंजेक्टर कधीच सारखं डिझेल सोडत नाहीत. तोही नव्या साहेबांना शिकवावा लागतो. आणि हे सगळं आत भरायचं तर कंपनीचं सॉफ्टवेअर हवं, त्याला पासवर्ड हवा, पासवर्ड कंपनीकडे. गाडीचं कर्ज मी फेडलं, आरसी बुकात नाव माझं, टोल माझा, दंड माझा. डोकं तेवढं त्यांचं.

कुर्ल्याच्या भंगारात आपले भाऊबंद मिळतात, हेही ऐकून आहे. पण ते येतात दुसऱ्या गाडीचा कारभार डोक्यात घेऊन. लेबलवरचे हार्डवेअर नि सॉफ्टवेअरचे नंबर जुळले नाहीत, तर युरियाची टाकीच नसलेल्या माझ्या गाडीकडे ते युरिया मागतील, आणि मिळाला नाही म्हणून इंजिनाची ताकद छाटतील. असा हट्टी साहेब ओळखीचा वाटतो खरा, पण पदरचे पैसे मोजून आणायची गरज नाही.

या पासवर्डाविषयी कोणी बोललंच नाही असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांच्या हाती लागू देत नव्हत्या. प्रकरण मोटारींचं होतं आणि पुढे अपिलात गेलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. वाहनं त्यात येतात. पोर्टलवर माहितीपुस्तिका आहेत, फोन नंबर आहेत. आमच्या मिस्त्रीला हवा आहे पासवर्ड. अमेरिकेत जॉन डिअर ट्रॅक्टरचे मालक हेच भांडत होते. 2023 मध्ये कंपनीने तिथल्या शेतकरी संघटनेशी करार केला. त्यांचं शेत हजार एकरांचं, माझी गाडी सहाचाकी, आणि दोघेही लॅपटॉपवाल्याची वाट बघत उभे. जागतिकीकरण म्हणतात ते हेच असावं.

शेवटी वाट निघाली कोल्हापुरात. तिथे एक पोरगा आपल्यासारख्यांना टेबलावर उताणं पाडतो, ॲल्युमिनियमचं झाकण उचकटतो, आत ओतलेलं जेल खरवडतो आणि आपल्या मेमरीतली अक्षरन् अक्षर दुसऱ्या, नंबर जुळणाऱ्या डब्यात उतरवून घेतो. अट एकच : आपली मेमरी जिवंत हवी. ती निघाली. साहेब कामाला निकामी, पण स्मरणशक्ती शाबूत! निवृत्त अधिकाऱ्यांबद्दलचा आमचा अनुभव याहून वेगळा नाही. चासी नंबर, हॉर्सपॉवर, इंजेक्टरांचे कोड, 80 ची वेगमर्यादा, सगळं जसंच्या तसं उतरलं. जुने साहेब गेले आणि नवे साहेब जुन्यांच्याच सवयी घेऊन खुर्चीत बसले, फक्त तापल्यावर उठून जाण्याची सवय तेवढी उतरली नाही. नवे साहेब सध्या परीक्षेच्या काळात आहेत. आंबा घाट दोन्ही बाजूंनी, भरल्या गाडीने, वैशाखाच्या उन्हात पार केल्याशिवाय त्यांना कायम करणार नाही, असं मिस्त्रीने बजावलं आहे.

आपल्याला भंगारात देण्याचा विचार नाही. उद्या या नव्यांनाही काही झालं, तर तीच अक्षरं पुन्हा लागतील. तेव्हा निवृत्तीनंतरही मुख्यालय सोडू नये, ही विनंती.

आपला,
एक चिरा-वाहतूकदार

ता. क. – पुढच्या हंगामाआधी हौद्याला वेल्डिंग करायचं आहे. दोन्ही बॅटऱ्यांची टर्मिनलं सोडून, नव्या साहेबांचे सगळे प्लग काढून आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेलगत लावूनच मशीन चालू करायचं, हे फॅब्रिकेटरला सांगितलं आहे. तो म्हणाला, "आजवर कोणी सांगितला नाय." त्याच्या मशीनवर आता खडूने लिहून ठेवलं आहे.